आपली मुले आणि शिल्पविद्या

(दहावी व बारावीच्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांनी दहावीनंतर काय करावे, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विहारात हा विषय कशाला, असे एक-दोन वडीलधाऱ्या मंडळींनी मला येताना विचारले. त्यांना मी आदराने एवढेच सांगतो की, हा विषय विहारात आणणारा मी पहिला नव्हे. राजगृहातील सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओलेत्याने उभा राहून सहा दिशांना नमस्कार करीत असे. भगवंतांनी त्याला त्या दिशांचा निराळा अर्थ समजावून दिला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, असे त्याला सांगितले आणि आईबापांनी मुलांसाठी काय करावयाचे ती पाच कर्तव्येही सांगितली. त्या पाचांत मुलाला 'सिप्प' शिकविणे हे एक आहे. सिप्प म्हणजे शिल्प. जे महामंगल सुत्त आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असते, त्यातही बहुश्रुतपणाच्या शेजारीच शिल्पाला मंगल म्हणून बसविलेले आहे.

शिल्प म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती घडविणारा कारागीर येतो. पाली भाषेत त्या शब्दाचा अर्थ पुष्कळ व्यापक आहे. सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रू राजा शिल्पांची यादी सांगतो. तीत रथी आणि धनुर्धर आहेत, तसेच आचारी, न्हावी, विणकर, कुंभार आणि हिशेबनीसही आहेत. हात आणि बुद्धी एकत्र चालवून ज्या विद्येवर माणूस स्वतःचे व कुटुंबाचे पोट मानाने भरतो, ती विद्या म्हणजे शिल्प. आजच्या भाषेत तिला तंत्रशिक्षण म्हणा, व्यवसायशिक्षण म्हणा.

आता खरी अडचण सांगतो. 'आमच्या बापाने आयुष्यभर हाताने काम केले, आता पोराने तरी खुर्चीवर बसावे,' हे वाक्य आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते. ते बोलणाऱ्या माणसाला मी अडाणी म्हणणार नाही. या वाक्यामागे पिढ्यानपिढ्यांचा अपमान आहे. ज्या समाजाला गुरे ओढावयास, लाकडे फोडावयास, सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री गावोगाव धावावयास लावले गेले, त्या समाजाला हाताचे काम म्हणजे अपमान वाटले तर दोष त्या समाजाचा नाही. बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली विधेयक आणले, आणि पुढे १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली, ती याच अपमानातून सुटका म्हणून.

परंतु वतनी काम आणि शिल्प यांत फरक काय, हे आपण नीट पाहिले पाहिजे. नाही तर एका जुन्या भीतीपायी आपण मुलाचा चांगला रस्ता बंद करून बसू. वतनी कामाला ठरलेली मजुरी नव्हती, मागून आणलेले बलुते होते. ते नाकारण्याची सोय नव्हती. ते शिकण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून त्यात बढतीही नव्हती. गाव सोडले की ते सुटत असे आणि त्याबरोबर भाकरीही सुटत असे. उलट जो मुलगा लेथवर लोखंडाचा तुकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मापून कातू शकतो, त्याचे कसब त्याच्या खिशातल्या प्रमाणपत्राबरोबर पुण्याला जाते, नाशिकला जाते, परदेशातही जाते. मालकाशी पटले नाही तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. १९३६च्या 'जातिनिर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी जातीच्या धंद्यावर जो आक्षेप घेतला त्याचे मर्म हेच होते की, तो धंदा माणसाची कुवत किंवा आवड पाहून ठरत नाही, जन्माआधीच ठरून बसतो. हाताने काम करणे हा त्यांचा आक्षेप कधीच नव्हता.

किंबहुना इतिहास नीट पाहिला तर असे दिसते की, आपल्याला हलके काम सक्तीने दिले गेले आणि कसबाचे काम हट्टाने नाकारले गेले. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, परंतु ती बहुतेक रिंग खात्यात, कमी मजुरीवर. विणाई खात्यात मजुरी जास्त होती आणि ते खाते आपल्याला बंद होते. कारण काय? धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा हाती धरावयास सवर्ण विणकर तयार नव्हते. यंत्र विलायतेहून आले होते. त्याला जात आपल्या लोकांनी चिकटविली. १९२८-२९च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर उघडपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथेही त्यांनी रेल्वेतील हीच स्थिती सांगितली: आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, कारखान्यात मिस्त्री किंवा मेकॅनिक म्हणून तो दिसत नाही.

म्हणून २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी जे मागितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण हवे, आणि ते आपल्या ऐपतीबाहेरचे असल्यामुळे सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात, परदेशी पाठवावे, असे त्यांनी मागितले. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन काम शिकवावे, अशीही मागणी होती. एका हाताने परदेशातील विद्यापीठ मागितले, दुसऱ्या हाताने कारखान्यातील उमेदवारी मागितली. दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. ते १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तंत्रप्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. त्याच खात्यात जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगाराचे महासंचालनालय निघाले आणि त्यातूनच पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आज आपण ज्यांना आयटीआय म्हणतो त्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे मूळ ते आहे. आपल्या तालुक्याच्या आयटीआयपुढून जाताना ही आठवण ठेवावयास हरकत नाही.

एवढे सांगितल्यावर उलट बाजूही सांगणे मला भाग आहे, नाही तर आपण माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ घ्याल. काही शाळांत आपल्या मुलाला ऐंशी टक्के गुण पडले तरी गुरुजी सहज म्हणतात, 'तुमच्याकरिता आयटीआय बरे.' शेजारच्या बाकावरच्या सत्तर टक्केवाल्याला मात्र विज्ञान शाखेचा सल्ला मिळतो. हा सल्ला नव्हे. हे जुने वतन नव्या कागदावर लिहिणे आहे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींनी अशी योजना आणली होती की, ग्रामीण मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसावे आणि उरलेला वेळ घरचा धंदा शिकावा. ज्याच्या घरचा धंदा कातडी कमावण्याचा, त्याने कातडी कमवावी! लोकांनी तिला कुलशिक्षण असे नाव दिले. पेरियार आणि इतरांनी तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. राजाजींना पद सोडावे लागले, आणि १९५४ साली कामराजांनी ती योजना मोडीत काढली. व्यवसायशिक्षण हा शब्द ऐकताच माना डोलावणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मग चांगले व्यवसायशिक्षण कोणते आणि वाईट कोणते, हे ओळखावे कशावरून? माझी कसोटी एकच आहे. ज्या दरवाजातून मूल आत जाणार त्याच्या मागे जिना आहे की भिंत आहे, हे पाहावे. जिना असेल तर पहिली पायरी कितीही खालची असो, मुलाला बेलाशक पाठवावे. भिंत असेल तर इमारत कितीही चकचकीत असो, पैसे भरू नयेत.

या कसोटीने पाहू. दहावीनंतर आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन असे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. वेल्डरसारखे एक वर्षाचेही आहेत. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलगाही चालतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते आणि दहावी नापास झालेले पोर घरी बसून राहते. महाराष्ट्रात शासकीय आयटीआय चारशेहून अधिक आहेत. बहुतेक तालुक्यांना एक तरी आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविका उत्तीर्ण झालेल्याला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे लेथवर उभा राहिलेला मुलगा इंजिनिअर होऊ शकतो. हा जिना कायद्याने ठेवलेला आहे, फक्त त्यावर चढणारे थोडे आहेत. शिवाय आयटीआय करीत असताना किंवा नंतर राज्य मंडळाचे भाषाविषय उत्तीर्ण झाले की दहावीची किंवा बारावीची समकक्षता मिळते. ज्याला पुढे कला, वाणिज्य काहीही शिकावयाचे असेल त्याला तो रस्ताही मोकळा राहतो.

दहावीला गणित आणि विज्ञान बऱ्यापैकी जमले असेल तर सरळ तंत्रनिकेतनात जावे. पदविका तीन वर्षांची असते. आपल्याकडे चाल अशी पडली आहे की, मुलगा हुशार असला की अकरावी विज्ञान, मग नीट नाही तर जेईई, मग खासगी शिकवणीचे कर्ज. ज्याला डॉक्टर व्हावयाचेच आहे त्याला दुसरा रस्ता नाही आणि त्याने जरूर जावे. परंतु अभियांत्रिकीकडे ज्याचा ओढा आहे आणि ज्याच्या घरी एकच कमावता आहे, त्याने पदविकेचा रस्ता कमी प्रतीचा समजू नये. तीन वर्षांनी हातात नोकरीलायक कागद असतो आणि पदवीचा मार्गही उघडा असतो. बारावी विज्ञानाच्या अखेरीस चाळीस टक्के पडले तर हातात काय असते, याचा विचार प्रत्येक पालकाने आधी करावा.

तंत्रनिकेतनात आपली मुले कोठे अडतात तेही सांगतो. ती पहिल्या वर्षाच्या गणितात अडतात, आणि इंग्रजीत छापलेल्या पुस्तकांत अडतात. यंत्रशाळेत ती कोणाच्याही बरोबरीने उभी राहतात. म्हणजे पाया आठवी-नववीतच घातला गेला पाहिजे. जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, त्यावर मी आज बोलणार नाही. तो वाद निराळा. परंतु त्या वर्गणीचा दहावा भाग बाजूला काढून विहारात आठवड्याचे तीन दिवस गणिताचा वर्ग चालविता येईल, आणि शिकविणारे पदवीधर आपल्याच वस्तीत रिकामे बसलेले आहेत.

मुलींविषयी दोन शब्द, आणि ते मी मुलींच्या वडिलांना उद्देशून बोलतो. मुलीला आयटीआयमध्ये घालावयाची म्हटली की आपण शिवणकामाच्या वर्गाकडे बोट दाखवितो. शिवणकाम वाईट नाही. ज्या मुलीला आवडते तिने करावे. परंतु इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, स्थापत्याचा आराखडाकार, संगणकचालक, इलेक्ट्रिशियन हे व्यवसायही तिच्यासाठी खुले आहेत आणि मुलींसाठी जागा राखीव असूनही त्या रिकाम्या राहतात. बारावीनंतर परिचारिकेचे शिक्षण आहे, औषधनिर्माणाची दोन वर्षांची पदविका आहे, प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे शिक्षण आहे. या प्रत्येकाला पुढची पायरी आहे. 'शिकून काय, लग्न तर करून द्यायचे' हे बोलणे ज्या घरात रमाई आणि सावित्रीमाईची तसबीर आहे त्या घरात शोभत नाही, एवढेच म्हणतो आणि पुढे जातो.

आता उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. येथे हक्काचा प्रश्न येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. १९६१चा उमेदवारी अधिनियम म्हणून एक कायदा आहे. त्याखाली कारखान्यांनी प्रशिक्षणार्थी घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. रेल्वेचे कारखाने, दारूगोळ्याचे कारखाने, माझगाव डॉक, राज्य परिवहन, तसेच खासगी कारखाने हे सर्व त्यात येतात. माझगाव डॉकसारख्या ठिकाणी आयटीआय झालेल्यांबरोबरच आठवी व दहावी उत्तीर्ण मुलांनाही स्वतंत्र गटांत घेण्याची पद्धत आहे. याच कायद्यात १९७३ साली कलम ३-अ घालण्यात आले. त्याप्रमाणे नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. हे कलम सरकारी कारखान्यापुरते नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही असे आपण रोज ऐकतो, आणि उमेदवारीपुरते का होईना ते पन्नास वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात आहे, हे ठाऊक असलेला कार्यकर्ता मात्र मला क्वचित भेटतो. आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीत किती कारखाने ते पाळतात, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. उमेदवारीच्या सल्लागार कार्यालयाकडे एक अर्ज टाकावयास फार पैसे पडत नाहीत.

मात्र उमेदवारीचे दुसरे अंगही आपल्या मुलांनी समजून घ्यावे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा शिकाऊ असतो, कामगार नसतो. आरोग्य आणि सुरक्षिततेच्या तरतुदी त्याला लागू असतात; परंतु कामगारांचे इतर हक्क त्याला मिळत नाहीत, आणि वेगळा करार नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नसते. याचा गैरफायदा घेणारे मालक आहेत. चाकण, वाळूज, बुटीबोरी या भागांत अनेक मुले एका ठिकाणची उमेदवारी संपवून दुसरीकडे 'ट्रेनी' म्हणून लागतात आणि तेथून कंत्राटदाराकडे जातात. यंत्र तेच असते, कसब तेच असते, पगार मात्र शिकाऊचा. यावर उपाय म्हणून मी आयटीआय सोडा असे सांगणार नाही. उमेदवारीच्या शेवटी राष्ट्रीय उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा असते, ती दिल्याशिवाय कारखाना सोडू नये, असे सांगेन. त्या प्रमाणपत्राची किंमत आहे: रेल्वेच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या भरतीत, रेल्वेच्याच कारखान्यांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या आहेत. आणि कामाला लागल्यावर संघटनेत जावे. बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेल्या पहिल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते, हे विसरून चालणार नाही.

खासगी 'इन्स्टिट्यूट'च्या जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगतो. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारी पाटी दिसली की तीन गोष्टी विचाराव्यात: प्रमाणपत्र कोणाचे, त्यावर पुढे कोणत्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो, आणि यंत्रे कोठे आहेत ती दाखवा. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकांची भाषा बदलते.

आता सर्वांत कोरडा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग, कागदपत्रांचा. आपली मुले गुणांपेक्षा कागदांवर अधिक हरतात, हे मी जाणीवपूर्वक म्हणतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली ती शिखांपुरती सैल झाली. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींना ते मुकले. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्या आणि शिक्षणसंस्था यांत हक्क मिळावयास १९९० उजाडले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने आदेशात बौद्धांचा समावेश झाला. चौतीस वर्षे एका पिढीने धम्मासाठी काय सोसले ते आजच्या मुलांनी समजून घ्यावे.

परंतु या दुरुस्तीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. धर्म बौद्ध, आणि मूळ जात यादीतील असल्याचा पुरावा, या दोन्ही गोष्टी लागतात. ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांच्यात एक प्रवृत्ती मी पाहतो: दीक्षेच्या उत्साहात जुने दाखले फाडून टाकावेत, जातीचा उल्लेख कोठेही राहू नये. ही भावना मला मनापासून पटते, तिच्यापुढे मी नमतो. परंतु दाखले फाडू नका. जात मनातून काढावयाची आहे, पेटीतला कागद काढावयाचा नाही. शाळेत धर्म बौद्ध अवश्य लिहावा. त्याबरोबर मुलाच्या आजोबा-पणजोबांच्या मूळ जातीचा, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा एखादा लेखी पुरावा शोधून ठेवावा, कारण जात वैधता समिती तो मागते आणि त्या दिवशी कुटुंब कोठे राहत होते हेही विचारते.

हा पुरावा मिळतो कोठे? गावच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कार्यालयात जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक असते, त्यात मिळतो. महार वतनाच्या जमिनीच्या उताऱ्यावर, इनाम वर्ग ६ ब अशा नोंदीत मिळतो. ज्या वतनाने आपल्या पणजोबांची पाठ वाकविली, त्याचीच नोंद आज पणतूला तंत्रनिकेतनात जागा मिळवून देते. इतिहासाचा हा हिशेब विचित्र आहे, पण हिशेबाचे पैसे सोडू नयेत. दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून आणि वैधता जिल्ह्याच्या समितीकडून घ्यावी लागते. अकरावी-बारावीत किंवा पदविकेत असतानाच अर्ज करावा. प्रवेशाच्या आठवड्यात अर्ज टाकून पावती हातात घेऊन फिरणारे आईबाप दर वर्षी दिसतात. समितीच्या दारात रडून वैधता लवकर मिळत नाही.

पैशांविषयी. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पुढे, आयटीआय आणि पदविकेसह, मिळते. केंद्राच्या २०२१च्या नियमावलीत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये धरलेली आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची शुल्कमाफीची योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या खात्यात राहण्या-जेवण्याची रक्कम जमा होते. ही रक्कम वेळेवर येत नाही, हे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. म्हणून पहिल्या वर्षासाठी काही पैसे बाजूला ठेवावेत आणि उशीर झाला तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे तोंडी नव्हे, लेखी जावे. शुल्कासाठी प्रवेश अडवून धरणाऱ्या संस्थेविरुद्धही तेथेच लेखी तक्रार करावी आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. १९४४च्या सुमारास या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या त्या बाबासाहेबांनी मागितल्या म्हणून. त्या मागावयास संकोच कसला?

शेवटी मुलांना एक विचारतो, आणि आईबापांनी ते ऐकावे. तुम्हाला काय आवडते हे तुम्हाला कोणी विचारले आहे काय? आपल्या घरांत हा प्रश्न क्वचित विचारला जातो. ज्याला बिघडलेला पंखा उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही त्याला बळेच कला शाखेत बसवू नये, आणि जो कविता लिहितो त्याला बळेच लेथपुढे उभे करू नये. पावा नगरीचा चुंद लोहार होता. भगवंतांनी त्याच्या घरचे अन्न अखेरचे भोजन म्हणून स्वीकारले आणि त्याच्या मनाला खंत लागू नये याची काळजी वाहिली. त्याची भट्टी आणि ऐरण तेथे आडवी आली नाही.

माझे बोलणे येथे संपते. ज्यांच्या मुलांची जात वैधता अजून झालेली नाही, त्यांनी सभेनंतर थांबावे. कार्यकर्त्यांनी दोन वह्या ठेवल्या आहेत. एकीत मुलाचे नाव, इयत्ता आणि आजोबांचे मूळ गाव लिहावे. पुढच्या रविवारी तालुकावार मंडळी ठरवून जुन्या शाळांत आणि तहसीलांत नोंदी शोधावयास जावयाचे आहे. दुसऱ्या वहीत, गणिताचा वर्ग घेण्यास जे तयार आहेत त्यांनी आपली नावे लिहावीत. ती वही आता येताना मी पाहिली. तिच्यात अजून दोनच नावे आहेत.

जय भीम. नमो बुद्धाय.